गर्भपाताचा कायदा आणि दारात मागितली जाणारी नवऱ्याची सही

मासुंदा (धागाकर्ती)

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंवर आलेला प्रसंग त्यांना विचारूनच येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. बाईंना दोन मुले असून धाकट्याच्या वेळी सिझेरियन झाले होते. यंदा पाळी चुकली आणि दिवस गेल्याचे कळले, तेव्हा सहावा आठवडा उलटला होता. त्यांचे पती ट्रकवर असतात आणि पंधरा-पंधरा दिवस घरी येत नाहीत. तिसरे मूल नको, हे दोघांचे आधीच ठरलेले होते. बाई ठाण्यातल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये गेल्या. तेथे तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, पैसे भरून घेतले गेले आणि मग सांगण्यात आले की नवऱ्याला घेऊन या, त्यांची सही लागेल. दुसऱ्या ठिकाणीही तेच उत्तर मिळाले, आणि तेथे दोघांच्या आधार कार्डांची भर पडली. पती परतून सही होईपर्यंत दहावा आठवडा लागला होता. जे काम गोळ्यांनी झाले असते त्यासाठी पिशवी साफ करावी लागली, भूल द्यावी लागली, आणि खर्च तिपटीच्या पुढे गेला. पतीची काहीही हरकत नव्हती, हे मुद्दाम लिहिते, कारण हरकत असती तर काय झाले असते हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर मी वैद्यकीय गर्भपात कायदा मुळातून वाचला. त्याच्या कलम ३ च्या पोटकलम ४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय करता येणार नाही. पालकाची लेखी संमती लागते ती अठरा वर्षांखालील मुलीसाठी किंवा मनोरुग्ण स्त्रीसाठी. पतीच्या संमतीचा उल्लेख तेथे नाही, संमतीचा जो नमुना नियमांत दिला आहे त्यातही नाही. कायदा १९७१ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ जी सही कायद्याने कधीच मागितली नाही, ती ठाण्यासारख्या शहरात, रेल्वे स्थानकापासून रिक्षाने दहा मिनिटांच्या अंतरावर, मागितली जाते, आणि मागणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. हे का होते आणि त्याची किंमत कोण मोजते, एवढ्यापुरतीच चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे.

गडकरीकट्टा

मी वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. आपण वाचलेले कलम अचूक आहे. परंतु हा कायदा स्त्रीला गर्भपाताचा हक्क देतो असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते, ते मात्र अचूक नाही. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३१२ गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा मानत होते. केवळ स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात त्यातून वगळला होता. साध्या प्रकारात तीन वर्षांपर्यंत आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यावर सात वर्षांपर्यंत शिक्षा होती, आणि स्वतःचा गर्भपात करवून घेणारी स्त्रीही त्यात आरोपी ठरत होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी तिच्या कलम ८८ मध्ये हीच तरतूद जशीच्या तशी आहे. वैद्यकीय गर्भपात कायदा या गुन्ह्याला अपवाद निर्माण करतो, आणि तो अपवाद मिळतो नोंदणीकृत डॉक्टरला. विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, विसाव्या ते चोविसाव्या आठवड्यात ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि त्यानंतर केवळ गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागणारा गर्भपात या मुदतींच्या बाहेर आहे. ‘मला हे मूल नको आहे’ एवढे कारण कायद्याच्या मजकुरात कोठेही पुरेसे मानलेले नाही. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्यामुळे होणारा मनस्ताप हा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोहोचवणारा समजावा, या स्पष्टीकरणाच्या आधारे बहुसंख्य स्त्रियांचे काम चालते.

हा कायदा ज्या समितीच्या अहवालातून आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री होते. १९६४ साली नेमलेल्या या समितीने १९६६ साली अहवाल दिला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, ही चिंता त्यामागे होती आणि लोकसंख्येचीही होती. स्त्रीने स्वतःच्या आयुष्याविषयी निर्णय घ्यावा, हा विचार कायद्याच्या जन्मात फारसा नव्हता; तो पुढे न्यायालयांनी हळूहळू त्यात ओतला.

पारसिक

मी नवी मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्या रुग्णालयात पतीची सही मागितली जात होती, हे आधी कबूल करते. पूर्वी मी जेथे नोकरी करत होते तेथल्या संमतीपत्रावर ‘पती किंवा नातेवाईक’ अशी ओळ छापलेलीच होती, आणि स्वतःचे रुग्णालय सुरू करताना मी तोच नमुना उचलला. कोणी विचारले नाही, म्हणून मीही विचार केला नाही.

मात्र त्यामागची भीती खोटी नाही, हेही येथे नोंदवावेसे वाटते. काम झाल्यावर चौथ्या दिवशी पती चार माणसे घेऊन येतो आणि ‘मला न विचारता कसे केले’ म्हणून टेबलावर हात आपटतो, हे मी पाहिलेले आहे. त्या वेळी कलम ३ चे पोटकलम ४ वाचून दाखवायला कोणी थांबत नाही. तेव्हा ती सही ढालीसारखी वापरली जाते. त्यातच प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी लिंगनिदानविरोधी कायद्याखालचा नोंदीचा एफ फॉर्म भरावा लागतो, आणि त्यातली चूकही महागात पडू शकते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरोधी, कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. या सगळ्यामुळे माझ्या ओळखीच्या काही डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यानंतरची कामे घेणेच बंद केले आहे. कायद्याने त्यांना बंदी केलेली नाही. त्यांनी स्वतःभोवती जादा कुंपण घातले आहे, आणि त्या कुंपणाचा त्रास रुग्णाला होतो.

तरीही ढाल माझी आणि तिचे ओझे रुग्णाच्या डोक्यावर, हे मला आता योग्य वाटत नाही. कायद्याचे कलम ८ सद्भावनेने केलेल्या कामासाठी डॉक्टरला संरक्षण देते. ते अपुरे वाटत असेल तर आम्ही डॉक्टरांनी संघटनेमार्फत सरकारशी भांडावे. पाळी चुकलेल्या बाईला परत पाठवणे हा त्यावरचा उपाय नाही.

ऐरोलीपूल

मी अविवाहित आहे. मला तर ‘लग्न झाले आहे का’ या प्रश्नापुढे कोणी जाऊच दिले नाही. स्वागतकक्षात चार अनोळखी माणसांसमोर तो प्रश्न विचारला गेला, आणि मी ‘नाही’ म्हटल्यावर ‘आईला घेऊन ये’ असे सांगण्यात आले. माझे वय तेव्हा सव्वीस वर्षे होते. एवढेच लिहायचे होते.

गडकरीकट्टा

ऐरोलीपूल, आपल्याला मिळालेले उत्तर बेकायदेशीर होते. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. त्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती विजया ताहिलरमाणी आणि न्यायमूर्ती मृदुला भाटकर यांनी, तुरुंगातील एका स्त्रीच्या निमित्ताने, गर्भ स्त्रीच्या शरीरात वाढतो आणि म्हणून तो वाढवायचा की नाही हा निर्णय तिचाच आहे, अशी भूमिका घेतली होती. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे स्पष्ट केले की विसाव्या ते चोविसाव्या आठवड्यातील सवलत अविवाहित स्त्रियांनाही लागू आहे. पतीने केलेली बळजबरी या कायद्यापुरती बलात्काराच्या व्याख्येत धरावी, असेही त्याच निकालात आहे. आणि स्वागतकक्षातील त्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर, कलम ५-अ नुसार गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रीचे नाव व तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज इतरांना उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

येऊर

माझे मत येथील बहुतेकांपेक्षा वेगळे आहे आणि ते मी जबाबदारीने मांडतो. आमचा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला. काचेच्या पेटीत तो सहा आठवडे होता आणि आज तो दहावीत आहे. पेटीतल्या त्या जिवाचे बोट माझ्या बोटाभोवती गुंडाळलेले मी पाहिले आहे, आणि तेव्हापासून ‘गर्भ’ हा शब्द मला केवळ वैद्यकीय शब्द म्हणून ऐकता येत नाही. चर्चेत स्त्रीच्या संमतीविषयी सर्व बोलतात, परंतु ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाजूने कोणीतरी उभे राहायला हवे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सव्वीस आठवडे उलटलेल्या विवाहित स्त्रीचे प्रकरण आले, तेव्हा आधी परवानगी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला, आणि अखेर १६ ऑक्टोबर रोजी तीन न्यायमूर्तींनी परवानगी नाकारली. न्यायालयालाही तो निर्णय सोपा गेला नाही. मग पतीला, म्हणजे त्या मुलाच्या वडिलांना, निदान विचारले जावे या अपेक्षेत इतके गैर काय आहे?

मासुंदा

येऊर, आपण जे लिहिले ते मी दोनदा वाचले. सव्वीस आठवड्यांच्या गर्भाविषयी आपल्याला जे वाटते ते मलाही वाटते. त्या प्रकरणातील आई बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराशी झगडत होती, दुसरे मूल अंगावर पीत असल्यामुळे पाळी आली नव्हती आणि त्यामुळे दिवस गेल्याचे तिला उशिरा कळले, हेही आपण लक्षात घ्यावे. तरीही तो प्रश्न अवघड आहे आणि त्यावर मी पटकन मत देणार नाही.

परंतु मी ज्या बाईंविषयी लिहिले त्या सहाव्या आठवड्यात दारात उभ्या होत्या. त्यांना सहाव्याहून दहाव्या आठवड्यात नेले ते सहीच्या अटीने. गर्भ जसजसा वाढतो तसतसा त्याचा विचार अधिक करावा लागतो, असे आपण म्हणत असाल, तर लवकरात लवकर आणि विनाअडथळा सेवा मिळावी, ही मागणी सर्वांत आधी आपली असायला हवी. पहिल्या दोन महिन्यांत स्त्रीला परत पाठवणारी प्रत्येक अट गर्भपात टाळत नाही. ती तो पुढच्या महिन्यात ढकलते, जेथे आपल्याला आणि मलाही तो अधिक जड वाटतो.

वडिलांना विचारण्याबद्दल. ज्या घरात विचारता येते, त्या घरात बायका विचारतातच, कायद्याने सांगण्याची गरज पडत नाही. माझ्या बाईंनीही विचारले होते, फोनवर. सहीची अट खरी कामाला येते ती जेथे विचारता येत नाही त्या घरात, आणि तेथे तिचा अर्थ केवळ विचारणे असा उरत नाही, तो परवानगी असा होतो. ज्याने मारहाण केली, किंवा जो दोन वर्षे घरीच आला नाही, त्याची परवानगी कोठून आणायची?

सानपाडा_१९

सहीची चर्चा योग्य आहे, परंतु महाराष्ट्रात हा विषय मुलींचा विषय बाजूला ठेवून बोलता येत नाही. १९८५ च्या सुमारास मुंबईत लिंगनिदानाविरोधी चळवळ उभी राहिली, तिच्या सभांना मी महाविद्यालयात असताना जात असे. त्या चळवळीमुळेच १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला आणि १९९४ साली केंद्राला तसा कायदा करावा लागला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एका स्त्रीच्या मृत्यूनंतर तपास झाला आणि पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. गर्भपात सोपा करा असे म्हणताना हे आकडे विसरता कामा नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

मासुंदा

ते मी विसरू शकत नाही. माझ्या स्वतःच्या आजोळी दोन बहिणींनंतर काय काय झाले, हे मला मोठेपणी कळले. परंतु त्या लढ्यातून एक चूक आपल्या हातून झाली आहे, असे मला मनापासून वाटते. लिंगनिदान हा गुन्हा आहे आणि गर्भपात ही अटींसह कायदेशीर सेवा आहे, हा भेद आपण लोकांपर्यंत पोहोचवला नाही. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द वर्षानुवर्षे भिंतींवर रंगवला गेला, आणि तो वाचून वाढलेल्या पिढीला कोणताही गर्भपात हत्याच वाटू लागला. नवव्या आठवड्यापर्यंत सोनोग्राफीत लिंग दिसत नाही. म्हणजे सहाव्या-सातव्या आठवड्यात आलेली स्त्री मुलगी नको म्हणून आली आहे, असे समजण्यास आधारच नाही. तरीही संशयाने पाहिले जाते ते तिच्याकडे. शिवाय, सही ज्याची मागायची, त्याच्याच घरातून मुलासाठी दबाव येत असतो. मग ती सही कोणत्या मुलीला वाचवणार आहे?

नौपाडा_औषधालय

मी तीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो. गर्भपाताच्या गोळ्यांचे किट म्हणजे मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टोलच्या चार गोळ्या. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु चिठ्ठी असतानाही आज अनेक दुकानदार ‘ठेवत नाही’ असे सांगतात, आणि मीही त्यांपैकी एक आहे. मुलींच्या घटत्या संख्येची चर्चा जोरात असताना तपासण्या वाढल्या, प्रत्येक किटचे बिल आणि चिठ्ठी मागितली जाऊ लागली. महिन्याला चार किट विकून मिळतात किती आणि त्यासाठी उत्तरे द्यायची किती, असा हिशेब मी केला आणि माल परत पाठवला. हा धागा वाचेपर्यंत मला त्यात काही चुकले असे वाटले नव्हते. सातव्या आठवड्यातील स्त्री योग्य चिठ्ठी घेऊन आली आणि माझ्या दारातून परत गेली, तर ती पुढे कोठे जाते, हा विचार मी केला नव्हता.

पारसिक

ती कोठे जाते, ते आम्हाला रात्री अपरात्री दिसते. कोणीतरी किट आणून देते, त्याबरोबर किती दिवसांची गर्भधारणा आहे हे कोणी तपासत नाही, गर्भ नळीत आहे का हे कोणी पाहत नाही, आणि आधीच्या सिझेरियनविषयी कोणी विचारत नाही. बाई आमच्याकडे येते तेव्हा रक्तस्राव थांबत नसतो आणि ती घाबरून ‘आपोआप झाले’ असे सांगते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी झाले. योग्य आठवड्यात, योग्य मात्रेत घेतल्या तर या गोळ्या सुरक्षित आहेत, आणि २०२१ च्या नियमांनुसार नवव्या आठवड्यापर्यंत त्या देता येतात. धोका येतो तो विचारायला कोणी नसल्यामुळे.

येऊर यांनी उशिराच्या गर्भपातांचा विषय काढला, त्यावरही थोडे लिहिते. गर्भातील बरीच व्यंगे अठराव्या ते बाविसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच दिसतात, आणि जुनी मर्यादा विसाव्या आठवड्याची होती. २००८ साली डॉ. निखिल दातार आणि एक दांपत्य याच अडचणीतून मुंबई उच्च न्यायालयात गेले; गर्भाच्या हृदयात दोष होता, मुदत उलटलेली होती, आणि परवानगी नाकारली गेली. मर्यादा बदलायला त्यानंतर तेरा वर्षे लागली. त्या तेरा वर्षांत माझ्यासमोर बसून ‘मग आम्ही आता काय करायचे’ असे विचारणारी जोडपी मला आठवतात, आणि त्यांतल्या एकानेही तो निर्णय हलकेपणाने घेतलेला नव्हता.

गडकरीकट्टा

नवी मुंबईत गुन्हा नोंदवल्या गेलेल्या एका प्रकरणाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. चौदा वर्षांच्या अत्याचारित मुलीच्या वतीने तिची आई न्यायालयात गेली. ४ एप्रिल २०२४ रोजी उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. २२ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दिली, तेव्हा तिसावा आठवडा जवळ आला होता. आणि २९ एप्रिल रोजी, मुलीच्या प्रकृतीच्या काळजीने पालकांनी मन बदलल्यावर, न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला. अनेकांना यात गोंधळ दिसला. मला त्यात सुसंगती दिसते, कारण दोन्ही वेळा न्यायालयाने मुलीच्या हिताकडे आणि तिच्या बाजूने सांगितल्या गेलेल्या इच्छेकडे पाहिले. वैद्यकीय मंडळाने केवळ मुदत मोजून न थांबता गर्भवतीच्या शारीरिक आणि मानसिक स्थितीवरही मत द्यावे, असे त्या निकालात म्हटले आहे. परंतु चौदा वर्षांच्या मुलीला त्या अवस्थेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे मला वकील म्हणून लाजिरवाणे वाटते.

येऊर

उशिराच्या गर्भपातांविषयी माझे मत बदललेले नाही. परंतु सहाव्या आठवड्यातील स्त्रीला सहीसाठी परत पाठवण्याने माझ्या म्हणण्याला बळ मिळत नाही, उलट ते कमजोर होते, हे मासुंदा यांचे म्हणणे मला मान्य आहे.

ऐरोलीपूल

एक व्यावहारिक प्रश्न. माझ्यासारखीला आज पुन्हा जावे लागले, तर जागा अधिकृत आहे की नाही हे कसे ओळखावे, आणि सही मागितली तर काय म्हणावे?

मासुंदा

सरकारी रुग्णालयांना वेगळ्या मंजुरीची गरज नसते. खाजगी ठिकाणी जिल्हास्तरीय समितीने दिलेले मान्यता प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असावे लागते; ते आत शिरताच पाहावे, आणि दिसले नाही तर विचारावे. प्रमाणपत्र नसेल तर तेथे काम करून घेऊ नये. सही मागितली गेली तर ‘नियमांतला संमतीचा फॉर्म सी द्या, त्यावर मी सही करते’ असे शांतपणे म्हणावे. त्या फॉर्ममध्ये दुसऱ्या सहीची जागा पालकासाठी आहे, आणि ती केवळ अठरा वर्षांखालील किंवा मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत भरायची असते. तरीही नकार मिळाला तर नकाराचे कारण लेखी मागावे आणि वाट पाहत न बसता त्याच दिवशी दुसरीकडे, शक्य तर सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जावे, कारण येथे प्रत्येक आठवडा मोजावा लागतो.

कलम ३ च्या त्या पोटकलमाचा मराठी मजकूर मी एका पानावर टंकून घेतला आहे. आमच्या बाईंनी त्याच्या वीस प्रती मागून नेल्या. त्यांच्या चाळीत, त्या म्हणाल्या, दोघी-तिघींना आत्ताच लागतील.

पारसिक

एक प्रत मलाही पाठवावी. आमच्या स्वागतकक्षातल्या मुलींना ती वाचायला द्यायची आहे. छापील नमुन्यातली ‘पती किंवा नातेवाईक’ ही ओळ कालच काढायला सांगितली आहे.